तीन थेंब आणि साडेबारा हजार किलोमीटर

आईच्या दोन्ही डोळ्यांना काचबिंदू आहे. सकाळी आठला आणि रात्री आठला, दिवसातून दोनदा, प्रत्येक डोळ्यात एक थेंब. गेली नऊ वर्षं आमच्या साताऱ्याच्या घरात बाकी काहीही पुढे-मागे झालं असेल, आठचा थेंब चुकलेला नाही. त्यामुळे २०२४ च्या फेब्रुवारीत आईला धाकट्या भावाकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला न्यायचं ठरलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न थंडीचा नव्हता, विमानातल्या जेवणाचाही नव्हता. "थेंब कधी टाकायचे गं मग?"

डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "दोन थेंबांमध्ये बारा तास राहतील एवढं बघा. प्रवासात भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू नका, तास मोजा. घरातून निघाल्यापासून तिकडच्या घरात पोहोचेपर्यंतचे तास कागदावर मांडून आणा, मग बोलू."

मी हायस्कूलला भूगोल शिकवते. अक्षांश-रेखांश, प्रमाणवेळ, ग्रहीय वारे हे धडे वर्षानुवर्षं शिकवले आहेत. वाटलं, हा कागद तासाभरात होईल. प्रत्यक्षात त्याला दोन आठवडे लागले, आणि तो करताना मला माझाच विषय नव्याने कळला.

सुरुवात तिकिटापासून झाली. मुंबईहून थेट न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर जाणारं विमान भावाने शोधून ठेवलं होतं. सुटायची वेळ पहाटे १:५०, पोहोचायची वेळ सकाळी ७:२०, तारीख तीच. आईने चष्मा लावून तो कागद वाचला आणि म्हणाली, "साडेपाच तास? एवढ्यात तर आपण मुंबईलासुद्धा पोहोचत नाही." तिचं काही चुकलं नव्हतं. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. दोन वेगवेगळ्या घड्याळांतले आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात आणि आपण नकळत त्यांची वजाबाकी करतो. भारत ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे. म्हणजे मधला फरक साडेदहा तासांचा. दिसणाऱ्या साडेपाच तासांत ते साडेदहा मिळवले की खरा आकडा येतो : सोळा तास.

इथेच मी पहिला नियम केला. सगळा कागद एकाच घड्याळात लिहायचा, भारतीय वेळेत. अमेरिकेत उतरलो तरी कागद भारतीय वेळेतच चालेल, आणि स्थानिक वेळ कंसात. हा नियम केला नसता तर पुढचं सगळं गणित चुकलं असतं.

पण सोळा तास का, हे मला शोधायचंच होतं. शिक्षिकेची खोड म्हणा. शाळेच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तानावरून, उत्तर आफ्रिकेवरून, अटलांटिक ओलांडून जाते. पण पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट, त्यामुळे नकाशावरची सरळ रेघ जमिनीवर सगळ्यात जवळची नसते. हे मी मुलांना दरवर्षी सांगते, पण स्वतः कधी मोजून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेच्या कपाटातला पृथ्वीगोल काढला. शिंपी वापरतात तसल्या टेपने विषुववृत्तावरचा घेर मोजला, तो ९६ सेंटिमीटर भरला. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर साधारण ४१७ किलोमीटरचा. मग शिवणाचा दोरा मुंबईवर धरला, दुसरं टोक न्यूयॉर्कवर नेलं आणि ताणला.

दोरा पश्चिमेला गेलाच नाही. तो सरकत सरकत वर उत्तरेला जाऊन बसला. सिंध, अफगाणिस्तानात हेरातच्या जवळून, कॅस्पियन समुद्राच्या पूर्वेकडून कझाकस्तान, मग मॉस्कोच्या अगदी जवळून, हेलसिंकीच्या बाजूने नॉर्वे ओलांडून, पुढे ग्रीनलंडच्या दक्षिण टोकावरून कॅनडातल्या लॅब्राडोर आणि अमेरिकेतल्या मेन राज्यावरून खाली न्यूयॉर्क. नववीतली दोन मुलं खेळायला थांबली होती, त्यांना बोलावून दाखवलं. एक म्हणाला, "मॅडम, मॉस्को वाटेत कसं काय?" त्याने स्वतः दोरा धरला, सोडला, पुन्हा ताणला. दर वेळी दोरा मॉस्कोपाशीच. गोलाला बरोबर मधोमध कापणारं वर्तुळ म्हणजे बृहद्वृत्त, आणि सगळ्यात जवळची वाट त्याच्यावरूनच जाते. आम्ही पुस्तकात त्याची व्याख्या पाठ करून घेतो, पण त्या पोराला ते वृत्त त्या दिवशी बोटांना कळलं.

दोऱ्याची लांबी ३० सेंटिमीटर. म्हणजे १२,५०० किलोमीटर. घरी आल्यावर गणितानेही ताडून पाहिलं. मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्व. केनेडी ४०.६४ अंश उत्तर, ७३.७८ अंश पश्चिम. रेखांशांमधलं अंतर १४६.६५ अंश. गोलावरच्या त्रिकोणाचं सूत्र वापरलं तर पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन ११२.७ अंशांचा येतो, आणि एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की १२,५३० किलोमीटर. दोऱ्याने मोजलेल्या आकड्यात फरक फक्त तीस किलोमीटरचा! मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. भिंतीवरच्या नकाशातल्या पट्टीच्या रेघेवरून, दिशा न बदलता गेलं असतं तर हेच अंतर १४,२०० च्या घरात गेलं असतं.

मुंबईतून निघताना ही वाट उत्तरेच्या फक्त २७ अंश पश्चिमेला झुकलेली असते. आपण म्हणतो अमेरिका पश्चिमेला, पण तिकडे जायला तोंड जवळजवळ हिमालयाच्या बाजूला करावं लागतं.

आता तास. मोठं जेट विमान वर स्थिर झालं की हवेतून ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं. १२,५३० ला ९०० ने भागलं की चौदा तासही होत नाहीत. मग तिकिटावर सोळा कसे? हा दोन तासांचा हिशेब लावताना मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

पहिलं कारण साधं आहे. तिकिटावरची वेळ चाकं जमिनीवरून उचलल्यापासूनची नसते. विमान फाटकापासून मागे ढकललं जातं तिथपासून दुसऱ्या विमानतळाच्या फाटकाला लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं, उतरण्याआधी आकाशात घ्यायच्या घिरट्या, उतरल्यावर पुन्हा सरपटत जाणं, हे सगळं त्यात आलं. दोन्ही टोकं गर्दीची असतील तर पाऊण तास सहज जातो.

दुसरं कारण, आकाशातही सीमा असतात. दोऱ्याची वाट ज्या देशांवरून जाते तिथून विमानाला जाता येईलच असं नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. अफगाणिस्तानवरून जाणं २०२१ च्या ऑगस्टनंतर बहुतेकांनी टाळलं. शिवाय दोन इंजिनांच्या विमानाला वाटेत उतरता येईल असा विमानतळ ठरावीक वेळेच्या आत सापडलाच पाहिजे, हाही नियम असतो.

मला वाटत होतं की असा वळसा म्हणजे हजार-दोन हजार किलोमीटर वाढणार. म्हणून इस्तंबूलवरून जाऊन पाहिलं, अर्थात कागदावर. मुंबई ते इस्तंबूल ४,८३५, इस्तंबूल ते न्यूयॉर्क ८,०३०, बेरीज १२,८६५. मॉस्कोची वाट सोडून एवढं दक्षिणेला आलं तरी वाढले जेमतेम ३३५ किलोमीटर, म्हणजे पंचवीस मिनिटंसुद्धा नाहीत! लंडनवरून गेलं तर एकूण १२,७५०. दुबईवरून गेलं तरी १२,९३०. ही बेरीज पुन्हा पुन्हा करून पाहिली, कारण विश्वास बसत नव्हता. एवढ्या लांबच्या दोन गावांमध्ये वाट थोडी वाकवली तर अंतर फारसं वाढतच नाही.

याचा उपयोग लगेच झाला. आमच्या ओळखीच्या तिकीटवाल्यांनी एक तक्ता करून दिला होता आणि त्यात मधे उतरून जाणारी विमानं "लांबची" म्हणून लाल शाईने खुणावली होती. अंतराने ती लांबची नव्हतीच. लांबत होते तास, आणि तेही सगळे मधल्या विमानतळावरच्या बाकड्यावर बसून. एकात एकोणीस तास, एकात एकवीस, एकात चक्क सव्वीस. आईला पायांचा त्रास आहे, तेव्हा मधे उतरून दोन-तीन तास पाय मोकळे झालेले बरे, असं माझ्या दोन मैत्रिणी कळकळीने सांगत होत्या. त्यांचा अनुभव खोटा नाही. पण चाकाच्या खुर्चीवर असलेल्या माणसाला मधल्या विमानतळावर दुसऱ्याच्या हाताकडे बघत बसावं लागतं, खुर्ची वेळेत येते की नाही, पुढचं फाटक किती लांब आहे, पुन्हा तपासणी आहे का. मी थेट विमानाच्या बाजूने कौल दिला आणि आजही माझं मत तेच आहे. दर दीड-दोन तासांनी तिला उठवून मागच्या मोकळ्या जागेपर्यंत चालवायचं, हे मात्र डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

तिसरं कारण वारा. आपल्या अक्षांशांच्या उत्तरेला, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहत असतो, हिवाळ्यात अधिक जोराने. ताशी दोनशे-अडीचशे किलोमीटरचा वारा तिथे नवलाचा नाही. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते आणि जगाला कळावं म्हणून त्याचा अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत लिहिला. तो फारसा कुणी वाचलाच नाही. हे मी वर्गात नेहमी सांगते, कारण मला त्या माणसाबद्दल फार हळहळ वाटते. अमेरिकेकडे जाणारं विमान या वाऱ्याला तोंड देत जातं, परतताना तोच वारा पाठीशी असतो. २०२० च्या फेब्रुवारीत एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्याही आत पोहोचलं होतं ते अशाच वाऱ्यावर. म्हणून दोन गावांमधलं अंतर एकच असलं तरी जाण्याचे तास आणि येण्याचे तास वेगळे.

हे सगळं कळल्यावर कागद तयार झाला. दुपारी ३:०० साताऱ्याहून निघणं. रात्री ८:०० पहिला थेंब, द्रुतगती मार्गावर. पहाटे १:५० विमान. सकाळी ८:०० दुसरा थेंब, आकाशात. संध्याकाळी ५:५० न्यूयॉर्क (तिथे सकाळचे ७:२०). रात्री ८:०० तिसरा थेंब (तिथे सकाळचे ९:३०), एक तर विमानतळावर नाहीतर गाडीत. डॉक्टरांनी कागद पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "यात तुमच्या लक्षात एक गोष्ट आली का? बारा तासांच्या औषधाला साडेदहा तासांचा फरक म्हणजे काहीच नाही. सकाळचा थेंब रात्रीचा होईल आणि रात्रीचा सकाळचा. फक्त आठच्या जागी साडेनऊ. तिकडे वेळ बदलूच नका."

एवढी सोपी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. आईला सांगितली तर तिने मनगटावरचं एचएमटीचं घड्याळ पुढे केलं. "म्हणजे याला हात लावायचा नाही ना? मग झालं तर."

निघालो तो दिवस शनिवारचा होता. खंबाटकी घाट चटकन गेला, पण पुण्याच्या बाह्यवळणावर चाळीस मिनिटं अडकलो. तळेगावच्या आसपास सूर्य मावळला. त्याची वेळ मी वहीत टिपून ठेवली, ६:३८, का टिपली तेव्हा माहीत नव्हतं. आठ वाजता खालापूरच्या फूड मॉलच्या आवारात गाडीचा आतला दिवा लावून पहिला थेंब टाकला. आईने सवयीप्रमाणे डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरला, आणि शेजारच्या बसमधली माणसं वडापाव खात आमच्याकडे बघत होती. साताऱ्याहून मुंबईच्या सहार विमानतळापर्यंतचे साधारण २६० किलोमीटर जायला सात तास लागले. पुढचे तेरा हजार जायला पंधरा लागणार होते.

विमानतळावर चाकाच्या खुर्चीसाठी चाळीस मिनिटं थांबावं लागलं. आम्ही ती आगाऊ नोंदवली होती, तरी नाव यादीत सापडेना. पण हाताशी भरपूर वेळ ठेवला होता म्हणून त्रास झाला नाही. ज्येष्ठ माणसाबरोबर जाणाऱ्याने तीन तास आधी पोहोचा या सूचनेत अजून एक तास स्वतःचा घालावा, हे मी आता सगळ्यांना सांगते. थेंबाच्या बाटल्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत होती. सामानात टाकलेलं औषध गरजेच्या वेळी आपल्यापासून दहा फूट खाली, विमानाच्या पोटात असतं.

२:१० ला विमान मागे ढकललं गेलं, २:३५ ला चाकं उचलली. मी दोन्ही वेळा लिहिल्या. समोरच्या पडद्यावर छोटंसं विमान समुद्रावर सरकत होतं, मग इराणच्या किनाऱ्याला लागलं. आई झोपली. मी दर दोन तासांनी तिला उठवत होते आणि दर वेळी ती म्हणत होती, "आले का गं?"

सकाळचे आठ वाजले तेव्हा आम्ही काळ्या समुद्रावर होतो. खाली गडद अंधार. हवाई सुंदरी पाण्याचा ग्लास घेऊन आली, तिने बाटली पाहून वरचा दिवा लावून दिला आणि विमान थोडं हलत होतं म्हणून आईचं डोकं मागून अलगद धरलं. थेंब बरोबर पडला. "साताऱ्यात आता पेपर आला असेल," आई म्हणाली आणि खिडकीच्या काळ्या काचेकडे बघत राहिली. तिच्या घड्याळात सकाळ झाली होती, पण बाहेर नाही.

बाहेर ती होतही नव्हती. नऊ वाजले, अकरा वाजले, दुपारचा एक वाजला. विमान त्या रात्री बरंच उत्तरेकडून चाललं होतं, वाऱ्याचा मुख्य झोत टाळण्यासाठी असावं. डावीकडे स्कॉटलंड मागे पडलं आणि आम्ही साठाव्या अक्षांशाजवळ पोहोचलो. पडद्यावर आकडे बदलत होते : उंची ३६,००० फूट, बाहेर उणे ५८ अंश, जमिनीवरचा वेग ताशी ८४२ किलोमीटर. तो शेवटचा आकडा पाहिला आणि मी ताठ बसले.

विषुववृत्तावर पृथ्वी स्वतःभोवती ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरते. उत्तरेकडे जाऊ तसा हा वेग कमी होतो, आणि साठाव्या अक्षांशावर तो बरोबर निम्मा राहतो : ८३५. पृथ्वी आम्हाला ८३५ च्या वेगाने सूर्याकडे, पूर्वेला नेत होती, आणि आमचं विमान ८४२ च्या वेगाने पश्चिमेला पळत होतं. आम्ही रात्रीच्या पोटात एका जागी उभे होतो! घड्याळ पुढे जात होतं, पण रात्र जागची हलत नव्हती. हे गणित मी कितीदा फळ्यावर केलं आहे, पण ते आपल्याला असं घडताना दिसेल, आपणच त्यातला बिंदू असू, असं कधी मनात आलं नव्हतं. मी आईला उठवलं आणि सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे सूर्याला चकवलं म्हण की." मग जरा थांबून, "त्याला सांग, दमलो आता, ये."

तो आला उतरायच्या अर्धा तास आधी. मेनच्या किनाऱ्याच्या पुढे कुठेतरी मागच्या बाजूला आधी तांबूस पट्टा, मग कडा, मग अख्खा. आईच्या घड्याळात पाच वाजत आले होते, संध्याकाळचे. वहीतलं तळेगावचं ६:३८ तेव्हा कामाला आलं. एका सूर्यास्तापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत जवळजवळ साडेबावीस तास! माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी रात्र, आणि त्यातली पंधरा तासांची मी जागून पाहिली.

सात वाजता चाकं टेकली, सात वीसला फाटक. विमान वीस मिनिटं उशिरा निघून वेळेवर पोहोचलं होतं. फाटक ते फाटक पंधरा तास चाळीस मिनिटं, त्यातले हवेत चौदा तास पंचावन्न मिनिटं. पारपत्र तपासणीच्या रांगेत आणि सामानासाठी पावणेदोन तास गेले. बाहेर भाऊ उभा होता, आणि त्याची आठ वर्षांची मुलगी हातात आजीसाठी कानटोपी घेऊन. साडेनऊ वाजता वाहनतळाच्या तिसऱ्या मजल्यावर, गाडीचं दार उघडं ठेवून, बोचऱ्या वाऱ्यात तिसरा थेंब पडला. आईच्या घड्याळात रात्रीचे आठ.

केनेडीपासून एडिसन साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. व्हेराझानो पूल, स्टेटन आयलंड, मग न्यू जर्सी. विमान न्यू जर्सीतल्याच नेवार्क विमानतळावर उतरलं असतं तर हे अंतर निम्म्यावर आलं असतं. आकाशाच्या हिशेबात केनेडी आणि नेवार्क म्हणजे दोऱ्याच्या जाडीएवढाही फरक नाही, पण जमिनीवर तो तासाभराचा होतो, हे तिकीट काढताना आमच्याकडून विचारात घ्यायचं राहून गेलं. घराच्या दाराशी पोहोचलो तेव्हा ११:२० झाले होते, भारतात रात्रीचे ९:५०. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत तीस तास पन्नास मिनिटं. त्यातले हवेत निम्म्याहूनही कमी.

चार महिने राहिलो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी, १० तारखेला, तिकडची सगळी घड्याळं एक तास पुढे गेली. उन्हाळ्यासाठी दरवर्षी जातात आणि नोव्हेंबरात मागे येतात. फोन आपोआप बदलले, भावाने ओव्हनचं आणि भिंतीवरचं घड्याळ बदललं, आणि पुतणीने फ्रिजवरच्या कागदावर साडेनऊ खोडून साडेदहा लिहिलं. आई खुर्चीत बसून बघत होती. "तुम्ही फिरवा काय फिरवायचं ते. माझ्यात आठच वाजतात." त्या घरात तिच्या मनगटावर साताऱ्याची वेळ चालू होती आणि पुतणी दिवसातून दहा वेळा तिथे जाऊन विचारायची, "आजी, आता सातारा झोपलाय का?"

परतीचं तिकीट जूनचं. सुटण्याची वेळ सकाळी ११:३०, पोहोचण्याची दुसऱ्या दिवशी सकाळी ११:३०. दिसायला चोवीस तास, खरे साडेचौदा, कारण आता फरक साडेनऊ तासांचा होता. हे गणित आईने स्वतः केलं, बोटांवर, आणि बरोबर केलं. पहिला थेंब केनेडीच्या फाटकापाशी. पाठीशी वारा होता. पडद्यावर वेग हजाराच्या वर गेलेला मी दोनदा पाहिला. आणि सूर्याने जाताना थकवलेलं सगळं भरून दिलं. या वेळी आम्ही त्याच्याच दिशेने धावत होतो, त्यामुळे रात्र जेमतेम चार तासांची झाली. जेवण आवरून पांघरूण घेईपर्यंत खिडकीत उजाडायला लागलं. सकाळी आठचा थेंब पडला तेव्हा आईच्या घड्याळात सकाळ होती आणि बाहेरही सकाळच. चार महिन्यांनी दोघांची गाठ पडली.

परत आल्यावर तो कागद मी फेकला नाही. शाळेत आता नववीला प्रमाणवेळेचा धडा मी त्यावरूनच शिकवते, दोरा आणि टेप घेऊन. मुलं वेगवेगळ्या जोड्या मोजतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावं लागू लागलं, तेव्हा आमच्या वर्गात एका मुलीने गोलावर दिल्ली आणि शिकागो धरून पाहिलं. तिने दाखवलं की दिल्लीचा दोरा उत्तरेला काश्मीरवरून जाऊन पुढे पाकिस्तानच्या ताब्यातल्या आकाशात शिरतो, आणि मुंबईला मात्र निदान आधी समुद्रावर जायची सोय आहे. हे मी तिला सांगितलेलं नव्हतं.

पण परतीच्या त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. विमान अकराच्या आतच लागलं. मुंबईत पाऊस सुरू झाला होता, घाटात ढग खाली उतरले होते आणि खंबाटकीला एक ट्रक बंद पडल्याने तास गेला. घरी आलो तेव्हा शेजारच्या काकूंनी दारात दिवा लावून ठेवला होता आणि पिठलं-भाकरी झाकून. मी बॅगेतून बाटली काढली, आईला तिच्या नेहमीच्या पलंगावर बसवलं आणि तिचं डोकं मागे केलं. तिने माझा हात धरून थांबवला आणि मनगट दिव्याकडे वळवलं.

"थांब जरा. दहा मिनिटं आहेत अजून."